‘मतदार तयार आहेत काय?’ : एका प्रश्नाचे भाषिक परीक्षण

काही प्रश्न असे असतात की, त्यांचे उत्तर शोधू लागण्यापूर्वी त्यांची वाक्यरचना तपासून घेणे इष्ट ठरते. ‘वांशिक अल्पसंख्य समाजातील व्यक्तीला राष्ट्राध्यक्षपदी निवडून देण्यास मतदार तयार आहेत काय?’ हा प्रश्न अशांपैकी होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुनःपुन्हा विचारला गेला. २००८ साली बराक ओबामा निवडून आले तेव्हा त्याचे उत्तर कायमचे मिळाले, असे पुष्कळांस वाटले. पुढे २०२४ साली कमला हॅरिस यांच्या उमेदवारीच्या निमित्ताने तो जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा पुढे आला. राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी या विषयावर विपुल लिहिले आहे. प्रस्तुत लेखकाचा व्यासंग भाषाशास्त्राचा असल्यामुळे मतदारांच्या अंतःकरणात शिरण्याचा अधिकार त्याला नाही. परंतु ज्या वाक्याच्या द्वारे ते अंतःकरण मोजले जाते, त्या वाक्याकडे पाहण्याचा अधिकार त्याला निश्चित आहे. आणि ते वाक्य पाहू गेल्यास असे दिसते की, येथे एक प्रश्न नसून दोन प्रश्न आहेत. ‘मी मत देईन काय?’ हा एक, आणि ‘इतर लोक देतील काय?’ हा दुसरा. ‘तयार’ हा शब्द या दोहोंमधील सीमारेषा पुसून टाकतो. त्याचा परिणाम केवळ भाषेपुरता राहिलेला नाही.

प्रथम या शब्दाचाच विचार करू. ‘तयार’ हा शब्द अरबी-फारसीतून मराठीत येऊन पूर्णपणे आपला झालेला आहे. आंबा तयार होतो, गवयाचा गळा तयार असतो, जेवण तयार आहे अशी हाक येते. या सर्व प्रयोगांत परिपक्वता किंवा सिद्धता हा अर्थ आहे. परंतु क्रियावाचक रूपापुढे हा शब्द आला की, त्याचा अर्थ पालटतो. ‘तो यायला तयार आहे’ म्हणजे त्याची संमती आहे. याहून महत्त्वाचे म्हणजे ‘तो ऐकायला तयार नाही’ हे मराठी वाक्य सिद्धतेचा अभाव दाखवीत नाही. ते सरळ नकार दाखविते. ज्याच्याविषयी आपण असे बोलतो, त्याची ऐकण्याची पूर्वतयारी अपुरी राहिली आहे, असे कोणाच्याही मनात येत नाही.

इंग्रजीतील समानार्थी शब्दाचा कल नेमका उलट आहे. त्या भाषेत ‘देश तयार नाही’ असे म्हटले की, नकार मागे पडतो आणि अपक्वता पुढे येते. जणू फळ अजून हिरवे आहे. ‘अजून’ हे अव्यय तेथे उच्चारले नाही तरी अध्याहृत असतेच. अपक्व फळाला दोष देता येत नाही आणि ते पिकणार याविषयी शंकाही घेता येत नाही. फक्त थांबावयाचे असते. म्हणजे ज्या वाक्यात वस्तुतः कोणीतरी कोणाला नाकारीत आहे, त्या वाक्यातून नाकारणारा कर्ता नाहीसा होतो आणि त्याच्या जागी काळ हा कर्ता येऊन बसतो.

ही केवळ व्याकरणाची बारीक कातरकी नव्हे, हे एका प्रसिद्ध प्रसंगावरून कळून येईल. मे १९६१ मध्ये त्या वेळचे महान्यायवादी रॉबर्ट केनेडी यांनी आकाशवाणीवरील एका भाषणात, येत्या तीस-चाळीस वर्षांत नीग्रो मनुष्यही आपल्या बंधूंनी मिळविलेले पद मिळवू शकेल, अशा आशयाचे उद्गार काढले. हेतू निःसंशय उदार होता. परंतु फेब्रुवारी १९६५ मध्ये केंब्रिज येथील वादसभेत लेखक जेम्स बॉल्डविन यांनी त्याचा जो समाचार घेतला, तो भाषाभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्यांच्या म्हणण्याचा भाव असा होता की, आम्ही या भूमीवर चारशे वर्षे आहोत. काल-परवा आलेल्यांचा वंशज आज अध्यक्ष होतो आणि आम्हांस सांगितले जाते की, नीट वागलात तर चाळीस वर्षांनी तुम्हांस अध्यक्ष होऊ देऊ. केनेडींनी ‘शकेल’ म्हटले होते. बॉल्डविन यांनी त्यातून ‘होऊ देऊ’ हे रूप बाहेर काढले. शक्यार्थाच्या पोटात अनुज्ञा लपलेली होती आणि अनुज्ञा म्हटली की ती देणारा आलाच.

(ज्या शब्दांचा आज शिष्टभाषेत त्याग झाला आहे, ते शब्द या लेखात केवळ तत्कालीन प्रश्नांची भाषा जशीच्या तशी दाखविण्यासाठी वापरले आहेत. मराठीतही ‘नीग्रो’, ‘कृष्णवर्णीय’, ‘आफ्रिकी-अमेरिकन’ अशी पदे क्रमाने येत गेली, हे वाचकांस ठाऊक आहेच.)

आता मापनाकडे वळू. या प्रश्नाचे पद्धतशीर मापन गॅलप या जनमतचाचणी संस्थेने केले. त्याचा आरंभ वंशाच्या प्रश्नापासून झाला नाही, स्त्रीच्या प्रश्नापासून झाला. १९३७ साली संस्थेने विचारलेल्या प्रश्नाचा आशय असा होता : एखादी स्त्री इतर सर्व दृष्टींनी पात्र असेल, तर अध्यक्षपदासाठी आपण तिला मत द्याल काय? ‘इतर सर्व दृष्टींनी’ हे शब्द पाहावेत. जेथे ‘इतर’ आहे, तेथे ज्याला वगळून ‘इतर’ म्हणावयाचे असे काहीतरी आधीच आहे. स्त्रीत्व ही एका दृष्टीने अपात्रता आहे, हे उत्तरदात्याने उत्तर देण्यापूर्वीच प्रश्नाने मान्य करून टाकले आहे. ‘होय’ म्हणणारा आणि ‘नाही’ म्हणणारा असे दोघेही ते गृहीत मुकाट्याने स्वीकारूनच बोलतात. त्या वेळी ३३ टक्के लोकांनी ‘होय’ म्हटले. हे शब्द पुढे गळून पडले; परंतु ज्या वृत्तीतून ते आले ती प्रश्नाच्या रचनेत टिकून राहिली.

१९५८ साली प्रथम वर्णाविषयीचा प्रश्न विचारला गेला. आपल्या पक्षाने सर्वसाधारणपणे पात्र अशा मनुष्यास उमेदवारी दिली आणि तो नीग्रो असला, तर आपण त्याला मत द्याल काय, असे त्याचे साधारण स्वरूप होते. मूळ इंग्रजीत ‘असला’ या ठिकाणी योगायोग सुचविणारे क्रियापद आहे : त्या मनुष्याची पात्रता हे त्याचे गुणवर्णन, त्याचा वर्ण हा मात्र एक प्रसंग. पदव्युत्तर वर्गात हे वाक्य मराठीत आणावयास सांगितले असता एक गोष्ट हटकून घडते. काही विद्यार्थी ‘तो नीग्रो असला तर’ असे लिहितात, तर काही ‘तो नीग्रो असला तरी’ असे लिहितात. आणि कोणते बरोबर यावर वाद सुरू होतो. आपली शालेय व्याकरणे ‘जर–तर’ व ‘जरी–तरी’ या दोन्ही जोड्यांना संकेतबोधक उभयान्वयी अव्यये असे एकच नाव देऊन मोकळी होतात. परंतु त्यांतील अंतर मोठे आहे. ‘तर’ अट घालते. ‘तरी’ अट घालून वर हेही सांगते की, ही अट पूर्ण झाल्यावर साधारणतः उलट फळ अपेक्षित होते. ‘पाऊस पडला तर जाईन’ आणि ‘पाऊस पडला तरी जाईन’ यांत पावसाविषयीचे दोन भिन्न मत आहेत. इंग्रजी प्रश्नाच्या पृष्ठभागावर ‘तर’ आहे. त्याच्या तळाशी ‘तरी’ आहे. म्हणून वर्गातील दोन्ही पक्ष आपापल्या परीने बरोबर ठरतात.

क्रियापदाच्या रूपाचीही तशीच अडचण आहे. मराठीस ‘उमेदवारी दिली तर मत द्याल काय’ आणि ‘उमेदवारी दिली असती तर मत दिले असते काय’ यांतून निवड करावीच लागते. पहिल्यात घटना शक्य कोटीतील आहे, दुसऱ्यात ती घडलेली नाही हे ठरून गेले आहे. इंग्रजीतील रूप या दोहोंच्या मधोमध उभे राहते : घटना दूरची आहे, पण अशक्य म्हटलेली नाही. १९५८ साली हा दूरपणा यथार्थच होता. दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीयांस स्वतः मत देणेही दुष्कर होते. मताधिकाराचा प्रभावी कायदा १९६५ साली झाला. अशा स्थितीत त्या प्रश्नाला दिलेले उत्तर हे मतदानाचे भाकीत नव्हे. ते एका कल्पित प्रसंगात आपण कसे दिसू इच्छितो याचे निवेदन होय.

हे ध्यानात ठेवून आकडे पाहावेत. १९५८ साली ‘होय’ म्हणणारे ३८ टक्के होते. १९७८ साली ७७ टक्के झाले. १९९७ साली ९३ टक्के आणि फेब्रुवारी २००७ मध्ये ९४ टक्के. त्याच २००७ च्या चाचणीत स्त्री उमेदवारास ८८ टक्के, मॉर्मन पंथीयास ७२ टक्के, बहात्तर वर्षांच्या व्यक्तीस ५७ टक्के आणि निरीश्वरवाद्यास ४५ टक्के अनुकूल होते. (बहात्तर वर्षांच्या उमेदवाराविषयीचा संकोच पुढील काळात अमेरिकन मतदारांनी किती मनावर घेतला, हे सर्वांनी पाहिले आहेच. अशा आकड्यांचे मोल ठरविताना ही गोष्ट विसरू नये.)

या चढत्या श्रेणीवर स्वाभाविक आक्षेप असा की, लोक खरे बोलतात कशावरून? हा आक्षेप घेणाऱ्यांच्या तोंडी एक नाव नेहमी असते. लॉस एंजेलिसचे कृष्णवर्णीय महापौर टॉम ब्रॅडली १९८२ साली कॅलिफोर्नियाच्या राज्यपालपदासाठी उभे राहिले. चाचण्यांनी, इतकेच नव्हे तर मतदान करून बाहेर पडणाऱ्यांच्या पाहणीनेही, ते विजयी होणार असे सांगितले. आणि सुमारे ७८ लाख मतांपैकी ९३ हजारांच्या फरकाने ते पडले. १९८९ साली व्हर्जिनियात डग्लस वाइल्डर निवडून आले खरे, परंतु जेथे पाहणीने त्यांस मोठी आघाडी दिली होती तेथे ते सात हजारांहून कमी मतांनी निभावले. पाहुण्यासमोर एक आणि मतपेटीसमोर दुसरे, असा निष्कर्ष निघाला आणि त्यास ब्रॅडलींचे नाव चिकटले. ब्रॅडलींच्या बाबतीत टपालाने आलेल्या मतांचाही मोठा हात होता आणि केंद्राबाहेरील पाहणीत ती मते येणे शक्यच नव्हते, हा तपशील मात्र मागे पडला. नाव पडलेल्या गोष्टीस तपशील चिकटत नाहीत, असा अनुभव आहे.

सभ्यतेपोटी दिलेली उत्तरे ओलांडून जाण्यासाठी संशोधकांनी एक युक्ती काढली आहे. आपल्याकडे जातिविषयक पाहणी करणाऱ्या विद्यार्थ्यांस ती उपयोगी पडेल, म्हणून येथे थोडी विस्ताराने सांगतो. उत्तरदात्यांचे यादृच्छिक रीतीने दोन गट करावयाचे. पहिल्या गटास चार गोष्टींची यादी देऊन विचारावयाचे की, यांतील किती गोष्टींनी तुम्हांस राग येतो? कोणत्या, ते सांगू नका. फक्त संख्या सांगा. दुसऱ्या गटास त्याच चार गोष्टी द्यावयाच्या आणि पाचवी जोडावयाची, ती ज्या विषयाची परीक्षा करावयाची तो विषय. पहिल्या गटाची सरासरी समजा दोन आली आणि दुसऱ्याची सव्वादोन, तर शंभरात पंचवीस लोकांस त्या पाचव्या गोष्टीने राग येतो असे समजावयाचे. कोणत्या एका मनुष्यास तो येतो, हे प्रश्नकर्त्यासही कळत नाही. म्हणून लपविण्याचे कारण उरत नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिण भागातील वांशिक वृत्ती तपासण्यासाठी ही रीत वापरली गेली. पुढे स्ट्रेब व त्यांचे सहकारी यांनी स्त्री अध्यक्षाच्या विषयावर ती वापरली आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार सुमारे २६ टक्के लोकांस त्या कल्पनेने राग येत होता. थेट विचारले असता अष्ट्याऐंशी टक्के अनुकूल आणि आडवळणाने विचारले असता एक-चतुर्थांश क्रुद्ध! ही दोन्ही मापे एकमेकांस खोटी ठरवीत नाहीत. मनुष्य रागावूनही मत देऊ शकतो. पक्षनिष्ठा, प्रतिपक्षाचा तिटकारा, महागाई, युद्ध यांच्यापुढे तो राग गिळला जातो. येथे पुन्हा ‘तरी’ उभे आहेच.

आणि प्रत्यक्षात, डॅनियल हॉपकिन्स यांनी १९८९ ते २००६ या काळातील राज्यपाल व सेनेट यांच्या निवडणुकांचे परीक्षण करून दाखविले की, कृष्णवर्णीय उमेदवारांच्या बाबतीत चाचणी व मतदान यांतील ही तफावत १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात होती; त्यानंतर ती जवळजवळ नाहीशी झाली. २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीतही चाचण्या स्थूलमानाने बरोबर ठरल्या. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे, ‘मी मत देईन काय?’ याचे, उत्तर लोक बऱ्याच अंशी खरे देत होते.

मग अडले कोठे? ते दुसऱ्या प्रश्नापाशी अडले. डिसेंबर २००६ मध्ये सीएनएनच्या चाचणीत ‘देश कृष्णवर्णीय अध्यक्षास तयार आहे काय’ असे विचारता ६२ टक्क्यांनी होकार दिला. १९९७ पासून ‘मी मत देईन’ म्हणणारे मात्र नव्वदीच्या वर होते. हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. सुमारे तीस टक्के लोक स्वतःविषयी जे म्हणत होते ते शेजाऱ्याविषयी म्हणावयास धजत नव्हते. यात लक्षणीय गोष्ट अशी की, या दुसऱ्या प्रश्नास गोऱ्या उत्तरदात्यांपेक्षा कृष्णवर्णीय उत्तरदाते कमी होकार देत. ज्यांच्या समाजाचा उमेदवार, तेच अधिक साशंक. ‘तयार’ या शब्दाच्या भरवशावर वाचणारा मनुष्य येथे फसेल. कृष्णवर्णीय मतदार कमी ‘तयार’ होते असा विपरीत अर्थ त्यातून निघेल.

वस्तुतः काय होते, हे १९०८ नव्हे तर २००८ सालच्या जानेवारीतील तीन आठवड्यांनी दाखवून दिले. २००७ च्या शरदऋतूत डेमोक्रॅटिक पक्षाच्या कृष्णवर्णीय मतदारांत अनेक चाचण्यांनुसार हिलरी क्लिंटन आघाडीवर होत्या. ३ जानेवारीस आयोवा येथे पहिली पक्षांतर्गत निवड झाली. या राज्यात नव्वद टक्क्यांहून अधिक लोक गोरे. तेथे ओबामा सुमारे ३८ टक्के मिळवून पहिले आले आणि क्लिंटन तिसऱ्या राहिल्या. पाच दिवसांनी न्यू हॅम्पशायरमध्ये ओबामा हरले आणि ब्रॅडलींचे नाव पुन्हा वृत्तपत्रांत झळकले. तथापि २६ जानेवारीस साउथ कॅरोलिना येथे मतदान झाले, तेव्हा कृष्णवर्णीय मतदारांपैकी सुमारे ७८ टक्के ओबामांकडे वळले होते. तीन आठवड्यांत कोणाची वांशिक वृत्ती बदलत नाही. बदलली ती इतरांविषयीची अटकळ. आपले मत वाया जाऊ नये, पक्ष हरू नये, कदाचित आपल्याच मनुष्याचा जाहीर पाणउतारा होऊ नये, या काळजीने जे थांबले होते, त्यांना आयोवातील गोऱ्या शेतकऱ्यांनी उत्तर दिले.

यात नवीन काहीच नव्हते, हे ज्यांना १९६० आठवते किंवा ज्यांनी त्याचा अभ्यास केला आहे त्यांच्या ध्यानात येईल. जॉन केनेडी कॅथलिक होते. १९२८ साली अल् स्मिथ या कॅथलिक उमेदवाराचा दारुण पराभव झालेला. १९६० साली ७१ टक्के लोक ‘कॅथलिकास मत देऊ’ म्हणत असता पक्षाचे पुढारी कचरत होते. आणि कचरणाऱ्यांत पेन्सिल्व्हेनियाचे राज्यपाल डेव्हिड लॉरेन्स यांच्यासारखे स्वतः कॅथलिक असलेले पुढारी होते. १० मे रोजी वेस्ट व्हर्जिनिया या जवळजवळ संपूर्णतः प्रॉटेस्टंट राज्यात केनेडी जिंकले, तेव्हा ही भीड मोडली. आयोवा व वेस्ट व्हर्जिनिया यांचे कार्य एकच. त्यांनी मतदारांस तयार केले नाही. मतदारांविषयी इतरांच्या मनात असलेले चित्र पुसले.

पण म्हणून पूर्वग्रहाची किंमत शून्य होती, असे मुळीच नव्हे. कॉन्व्हर्स व त्यांच्या सहकाऱ्यांच्या हिशेबानुसार १९६० साली धर्मामुळे केनेडींचा एकूण मतांत सुमारे दोन टक्क्यांनी तोटा झाला. सेठ स्टीफन्स-डेव्हिडोविट्झ यांनी गूगलवर शोधल्या जाणाऱ्या वर्णद्वेषी शब्दांच्या प्रादेशिक प्रमाणावरून २००८ साली ओबामांचा तोटा सुमारे चार टक्क्यांचा असल्याचे अनुमान २०१४ च्या आपल्या निबंधात मांडले. अप्रत्यक्ष मापन असल्यामुळे त्यावर वाद होऊ शकतो. आकड्याची जात मात्र विचारात घेण्यासारखी आहे. ओबामांना ५२.९ टक्के मते मिळाली, मॅकेन यांना ४५.७. म्हणजे सात टक्क्यांची आघाडी. निवडणुकीपूर्वी सात आठवडे लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली होती आणि सत्तारूढ रिपब्लिकन पक्षाविषयी जनमत अत्यंत प्रतिकूल झाले होते. ही अनुकूलता नसती, १९६० सारखी काट्याची लढत असती, तर तेवढाच पूर्वग्रह ओबामांस पाडावयास पुरेसा ठरला असता. मग सर्व भाष्यकारांनी एकमुखाने ‘देश अजून तयार नाही’ असे म्हटले असते. मतदार तेच, त्यांची मनेही तीच. फक्त पेढ्यांची स्थिती निराळी. जी गोष्ट पेढीच्या दिवाळखोरीवर अवलंबून होकार किंवा नकार अशी फिरते, ती मतदारांच्या मनाची परिपक्वता खास नव्हे.

‘देशाने निवडले’ या वाक्यातील ‘देश’ या कर्त्याचीही थोडी झाडाझडती घेतली पाहिजे. मतदानोत्तर पाहणीनुसार २००८ साली ओबामांना गोऱ्या मतदारांची ४३ टक्के मते मिळाली, कृष्णवर्णीयांची ९५ टक्के, हिस्पॅनिकांची ६७ टक्के. गोऱ्यांतील बहुमत त्यांच्या विरुद्ध होते. परंतु यावरून घाईने वर्णद्वेष सिद्ध करू नये. १९६४ च्या लिंडन जॉन्सननंतर एकाही डेमोक्रॅटिक उमेदवारास गोऱ्यांचे बहुमत मिळालेले नाही आणि २००४ साली गोऱ्या जॉन केरींस त्यांतील ४१ टक्केच मिळाले होते. एकवचनी ‘देश’ हे नाम या सर्व बेरजा-वजाबाक्या झाकते. निकाल एक असतो म्हणून मनही एक असले पाहिजे, अशी समजूत ते करून देते.

वंशाचा उल्लेख नेहमी ‘तरी’ याच अव्ययाने मतदाराच्या मनात शिरतो, असेही समजण्याचे कारण नाही. पेरू देशाचे उदाहरण पाहावे. तेथे जपानी वंशाचे लोक लोकसंख्येच्या एक टक्काही नाहीत. १९९० साली आल्बेर्तो फुहिमोरी हे शेतकीशास्त्राचे प्राध्यापक अध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा प्रारंभी त्यांचे नाव चाचण्यांत दिसतही नव्हते. एप्रिलच्या पहिल्या फेरीत ते विख्यात कादंबरीकार मारियो व्हार्गास योसा यांच्या पाठोपाठ दुसरे आले आणि १० जूनच्या दुसऱ्या फेरीत सुमारे ६२ टक्के वैध मते मिळवून अध्यक्ष झाले. लोक त्यांना ‘चिनी’ या अर्थाच्या शब्दाने संबोधीत आणि ते स्वतःही तो शब्द मिरवीत. ‘तुमच्यासारखाच अध्यक्ष’ ही त्यांची घोषणा होती; ती ज्या इंडियन व मिश्रवंशीय गरिबांस उद्देशून होती, त्यांपैकी जपानी कोणीच नव्हते. लिमा शहरातील गोऱ्या, सधन वर्गापैकी तो नव्हे, एवढे साम्य पुरेसे झाले. येथे ‘तरी’ नसून ‘म्हणून’ आहे. पेरू ‘तयार’ आहे काय, असे त्यापूर्वी कोणी पन्नास वर्षे मोजीत बसले नव्हते. (निवडून आल्यावर १९९२ साली फुहिमोरींनी संसद बरखास्त केली, तो विषय निराळा.)

मराठी वाचकास या विषयाविषयी आस्था वाटण्याचे जुने कारण आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील नीग्रो दास्यविमोचन करणाऱ्या लोकांस अर्पण केला होता. परंतु या आस्थेपोटी आपल्याकडील दाखले सरसकट शेजारी ठेवणे धोक्याचे आहे. १९९७ साली के. आर. नारायणन राष्ट्रपती झाले, ते संसद व विधानसभा यांच्या सदस्यांच्या मतांनी. सामान्य मतदारास कोणी विचारले नव्हते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वराड गावच्या डॉक्टरांचे पुत्र लिओ वराडकर २०१७ साली आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेही पक्षाने नेता निवडल्यामुळे. संसदीय पद्धतीत पक्ष आधी निर्णय घेतो आणि मतदारापुढे त्या नेत्यासह पक्ष येतो. अध्यक्षीय पद्धतीत एका व्यक्तीच्या नावावर शिक्का मारावयाचा असतो, म्हणून तेथे त्या व्यक्तीच्या देहाचा प्रश्न उघडा पडतो.

तरीही अमेरिकेतसुद्धा आधी पक्षाची उमेदवारी लागतेच. आणि १९५८ च्या प्रश्नाचे पहिले उपवाक्य नेमके तेच आहे : ‘आपल्या पक्षाने उमेदवारी दिली’. सहा दशके चर्चा झाली ती ‘मत द्याल काय’ या उत्तरार्धाची. पूर्वार्ध कोणी वाचलाच नाही. शर्ली चिझम १९७२ साली उभ्या राहिल्या. जेसी जॅक्सन १९८४ व १९८८ साली उभे राहिले आणि दुसऱ्या खेपेस पक्षांतर्गत सुमारे ६९ लाख मते मिळवून दुसरे आले. उमेदवारी दोघांनाही मिळाली नाही. ती न मिळण्याची कारणे अनेक होती. परंतु ‘मला चालेल, देशाला चालणार नाही’ हे त्यांतील एक होते आणि ज्या प्रश्नाचे उत्तर केवळ उमेदवारी दिल्यानेच मिळू शकते, त्याच्या कल्पित उत्तराने उमेदवारी अडविली जात होती.

२०२४ साली कमला हॅरिस ४८.३ टक्के मते मिळवून हरल्या. ट्रम्प यांना ४९.८ टक्के मिळाली. तमिळ आई व जमैकन वडील यांची ही कन्या हरली, ती वर्णामुळे, स्त्रीत्वामुळे, महागाईमुळे, की केवळ १०७ दिवसांच्या प्रचारामुळे, हे दीड टक्क्याच्या अंतरावरून वेगळे काढता येणार नाही. परंतु २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्यांनी एक गोष्ट नोंदविली आहे. उपाध्यक्षपदासाठी त्यांची पहिली पसंती समलिंगी असलेल्या पीट बुटिजज यांना होती. एक स्त्री, तीही कृष्णवर्णीय, तीही ज्यू पती असलेली, एवढे देशाकडे आधीच मागितले जात असता आणखी मागणे हा फार मोठा धोका ठरेल, असे वाटून त्यांनी तो विचार सोडला. जो प्रश्न आयुष्यभर त्यांच्याविषयी विचारला गेला, तोच त्यांनी दुसऱ्याविषयी स्वतःशी विचारला आणि त्याचे उत्तरही मतदारांच्या वतीने स्वतःच दिले.